मधे उतार असणारच

जानेवारी २०२४. ठाण्याच्या ऑफिसातले आम्ही पाच जण अजिंठा बघायला निघालो होतो. मुंबई-जालना वंदे भारत नुकतीच, म्हणजे ३० डिसेंबरला सुरू झाली होती. तेव्हा त्या गाडीचं शेवटचं स्टेशन जालना होतं आणि जालना हे माझं गाव. त्यामुळे आधी आमच्या घरी यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि सकाळी गाडी करून अजिंठ्याला जायचं असं ठरलं.

रविवारी रात्री पोचलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा झाला. सगळे खूश. झोपायच्या आधी कोणीतरी मोबाइल उघडला आणि ओरडलं, "अगं, सोमवारी अजिंठा बंद असतो!"

अजिंठ्यापासून दोन-अडीच तासांवर मी लहानाची मोठी झाले, आणि मलाच हे माहीत नव्हतं.

"हरकत नाही," आमच्यातली केरळची मैत्रीण म्हणाली. "उद्या जालना बघू. काय आहे इथं बघण्यासारखं?"

मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "काही नाही. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबी."

सोमवारचा अख्खा दिवस आम्ही घरात वेब सिरीज बघत काढला. मंगळवारी अजिंठा झाला, फोटो झाले, सगळे परत गेले. पण ते 'काही नाही' माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते बोलत असताना आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून आत गेली. तिचं माहेर भोकरदनकडचं, केळणा नदीच्या काठचं. म्हणजे मी तिच्या गावालाही 'काही नाही' म्हणाले होते.

त्यानंतर घरी गेले की एक दिवस मी मामाच्या मोटारसायकलवर मागे बसायचं ठरवलं. मामा शेतकरी आहे. इतिहास वगैरे त्याचा विषय नाही, पण रस्ते त्याला पाठ आहेत. हा लेख म्हणजे त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा देतेय, पण देतेय.

वाटणीत काय आलं

आधी एक साधी गोष्ट. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. तोवर यातला बराचसा भाग औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता. परतूरकडचा भाग परभणीतून आला. भावाभावांत वाटणी होते तसंच हे झालं. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पैठण हे सगळं थोरल्याकडे राहिलं. धाकट्याच्या वाट्याला व्यापारी पेठ आली आणि भरपूर काळी जमीन. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत घेतलं. थोरल्याचं नाव जगभर झालं. धाकटा सळई आणि बियाणं विकत राहिला. त्यात त्याचं चांगलंच चाललं, हेही खरं. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण उगाच पडलेली नाही.

पण या वाटणीत एक घोळ झाला. पर्यटनाचे नकाशे जिल्ह्यांप्रमाणे छापले जातात आणि जुने रस्ते जिल्ह्यांप्रमाणे जात नाहीत. पैठणहून निघून भोकरदनवरून, अजिंठ्याचा घाट उतरून, पुढे उज्जैन-विदिशेकडे जाणारी एक सलग वाट होती. आपण तिचा मधला तुकडा कापून वेगळ्या जिल्ह्यात टाकला, आणि मग 'इथं काही नाही' म्हणायला लागलो.

त्या तुकड्यावरूनच जाऊ. जालन्यातून उत्तरेला निघायचं, राजूर, भोकरदन, असई, अन्वा करत अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत. मुंबईहून आलेल्या माणसाला एका दिवसात जमेल एवढा हा प्रवास आहे.

मुक्कामाचं गाव

जालना शहर कुंडलिका नदीवर आहे. जुन्या जालन्यात काळी मशीद आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधली. मशिदीबरोबर त्याने दगडी सराई आणि हमामही बांधला. मोती तलावही त्याचाच. तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं.

आता ही यादी परत वाचा. सराई म्हणजे वाटसरूंची मुक्कामाची जागा. हमाम म्हणजे प्रवासाचा शीण घालवायला गरम पाण्याने अंघोळीची सोय. आणि बाजारपेठेत खेळवलेलं पाणी. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कोणीतरी जालन्याकडे बघून ठरवलं होतं की इथं लोक येणार, थांबणार, राहणार. ज्या गावाबद्दल मी 'काही नाही' म्हणाले, ते गाव पाहुण्यांसाठीच सजवलं होतं.

लोक येतही होते. जालना विणकरांचं आणि सावकारांचं गाव होतं. गावाचं नाव एका जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून पडलं अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, गावाने स्वतःचं नाव कशाशी जोडलं हे त्यातून कळतं. पेठ किती श्रीमंत होती याचा आणखी एक पुरावा म्हणजे शिवाजी महाराजांची जालनापूरची स्वारी. नोव्हेंबर १६७९ मध्ये झालेली ही त्यांची शेवटची मोठी स्वारी. परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेने वाट अडवली, सिधोजी निंबाळकर तिथं पडले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोचवलं. महाराजांनी तिथं विश्रांती घेतली म्हणून त्याचं नाव विश्रामगड झालं. हा प्रसंग शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण त्या प्रसंगात महाराज परत येत होते ते कुठून, हे लक्षात राहत नाही. माझ्याही नव्हतं राहिलं.

आज शहराजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर गाड्या ताशी १२० च्या वेगाने जातात. वेगाबद्दल माझी तक्रार नाही, मीही त्याच रस्त्याने घरी येते. पण सराईच्या काळात जालन्याला आलेल्या माणसाला रात्र इथं काढावीच लागायची. आता लागत नाही. म्हणून आता थांबायला काहीतरी कारण सांगावं लागतं.

पांढरीच्या पोटात

जालन्याहून भोकरदनला जाताना वाटेत राजूर लागतं. साडेतीन गणेशपीठांपैकी एक म्हणून त्याचा मान आहे. अंगारकी चतुर्थीला इथं येणाऱ्यांच्या रांगा बघितल्या की 'आमच्याकडे कोण फिरायला येतं?' हा प्रश्नच फिजूल वाटतो. आमची माणसं भरपूर फिरतात. फक्त त्याला ती पर्यटन म्हणत नाहीत, यात्रा म्हणतात.

पुढे भोकरदन. तालुक्याचं गाव, बसस्टँड, मोंढा, कापसाच्या गाड्या. जुनं नाव भोगवर्धन. पुराणांत दक्षिणेतल्या लोकांच्या यादीत भोगवर्धन येतं. त्याहून पक्का पुरावा मध्य प्रदेशात आहे. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनच्या माणसांची नोंद सापडते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदनचं कोणीतरी एवढ्या लांब गेलं आणि दगडावर गावाचं नाव घालून आलं. आपण आज फोटोला लोकेशन टॅग करतो, तसंच.

आमच्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडतात, त्यावर नवी उभी राहतात, राख आणि माती साचत जाते आणि काळ्या रानात एक पांढुरका उंचवटा तयार होतो. भोकरदनच्या पांढरीत १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रमेश शंकर गुप्ते या अभ्यासकांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहनकाळातलं एक भरभराटीचं शहर मातीतून वर आलं. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या निघाल्या. आणि हस्तिदंतात कोरलेली, तुटलेली एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली.

ही मूर्ती बघून अभ्यासक चमकले, कारण तिच्यासारखी एक त्यांनी आधी पाहिली होती, तीही थेट इटलीत.

इटलीतलं पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये वेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती बहुधा यक्षी असावी. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती घडली कुठे यावर वाद झाले. आधी मथुरेचं नाव पुढे आलं. मग आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि नंतर भोकरदनला तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या, आणि अनेक अभ्यासकांची नजर दख्खनकडे वळली. मूर्तीच्या पायाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे. ही लिपी वायव्य भारतात चालायची. त्यामुळे मूर्तीचा प्रवास तिकडूनही झाला असू शकतो. भोकरदनचीच ती, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण तिची बहीण शोभेल अशी मूर्ती आमच्या पांढरीत होती, एवढं नक्की.

हा माल जायचा कसा? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचं पुस्तक आहे, 'पेरिप्लस' नावाने ते ओळखलं जातं. त्यात पैठण आणि तेर या पेठांची नावं आहेत. पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर, असं तो लिहितो. तिथला माल गाड्यांत भरून बंदरावर जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. रोमचा लेखक प्लिनी कुरकुरत होता की हिंदुस्थानी चैनीच्या वस्तूंवर दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमची पितळी नाणी, वाहून जातात. हा प्लिनी वेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला, ज्याने ती वीतभर बाई राखेखाली जपून ठेवली.

आणखी एक धागा. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचं काम करणाऱ्यांनी केलं. वीतभर दातावर बसलेला हात पुढे दगडावर चालला. भोगवर्धनचे दाते आणि विदिशेचे दंतकार एकाच स्तूपावर भेटतात, कारण ती गावं एकाच वाटेवर होती.

मी मामाला फोनवर नेपल्सच्या मूर्तीचा फोटो दाखवला. त्याने झूम करून तिच्या हातातल्या बांगड्या बघितल्या. कोपरापर्यंत चढवलेल्या. म्हणाला, "लमाणांच्या बायका घालतात तशा आहेत की."

भोकरदनला केळणेच्या काठावर खडकात कोरलेली लेणीही आहेत, साधारण राष्ट्रकूटकाळातली आणि वैष्णव. वेरूळच्या मानाने अगदी लहान. वेरूळ डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. नदीकाठच्या गावाने आपल्यापुरतं केलेलं काम म्हणून बघितलं तर आवडेल.

समोरासमोर दोन गावं

केळणेच्या काठाने पूर्वेला जाऊ. हीच नदी पुढे जिथं जुई नदीला भेटते, त्या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात असई गाव आहे. इंग्रजीत 'असाय'. लंडनमध्ये लष्करी इतिहास वाचणाऱ्या कोणालाही हे नाव माहीत असतं. जालन्यात मी बारावीपर्यंत शिकले आणि मला ते ठाऊक नव्हतं.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांची फौज केळणेच्या उत्तर काठावर होती. समोर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय ३४. त्याला वाटत होतं की मराठी फौज अजून लांब आहे, आणि दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळाली की हल्ला करू. पण फौज अचानक समोरच दिसली. लढाईच्या रांगेत उभी करायला त्याच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास माणसं. शिंद्यांचं कवायती पायदळ याच्या दुपटीहून जास्त, घोडदळ कितीतरी पट, आणि शंभराच्या आसपास तोफा. पायदळाचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन होता.

नदी ओलांडायची तर उतार हवा. आमच्याकडे उतार म्हणजे नदीतून पायी पार होता येईल अशी उथळ जागा. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं, इकडे उतार नाही. त्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हा प्रश्न मी मामाला विचारला. तो नुसता हसला.

वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं. नदीच्या या काठावर एक गाव, बरोबर समोरच्या काठावर दुसरं. त्याने हिशेब केला की एवढ्या जवळ समोरासमोर दोन गावं वसली आहेत, तर लोकांचं एकमेकांकडे जाणंयेणं असणारच. म्हणजे मधे उतार असणारच. होता. फौज तिथून पार झाली आणि मराठी फौजेच्या डाव्या बाजूला निघाली.

हा किस्सा वेलस्लीने म्हातारपणीही सांगितला. मला मात्र त्यात वेलस्लीपेक्षा ती दोन गावं जास्त दिसतात. लेकी दिल्या-घेतल्या असतील, बाजाराला, दळणाला, मर्तिकाला लोक नदी ओलांडत असतील. त्या रोजच्या येण्याजाण्याचा एका परक्या माणसाने नकाशासारखा उपयोग केला.

पुढची लढाई भयंकर झाली. पोलमनने आपली अख्खी रांग काटकोनात वळवून शत्रूसमोर आणली. असं वळण ही फौज घेऊ शकेल याची वेलस्लीला कल्पना नव्हती. तोफांनी कंपनीच्या रांगा कापून काढल्या. ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी जागा सोडली नाही. काही जण मेल्याचं सोंग घेऊन तोफेखाली पडून राहिले, शत्रू पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. दौलतराव आणि रघूजी मात्र रणांगणात थांबले नाहीत.

संध्याकाळपर्यंत कंपनीने मैदान मारलं आणि ९८ तोफा घेतल्या. तिचे पंधराशेहून जास्त लोक ठार, जखमी झाले होते. त्यातले कितीतरी मद्रासकडचे देशी शिपाई. मराठी बाजूचे हजारो पडले. इंग्रज अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे, कोण कुठं पडला, सगळं छापून ठेवलेलं आहे. तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला कुठं सापडलं नाही.

डिसेंबरमध्ये आधी भोसल्यांनी देवगावला आणि मग शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केला. बारा वर्षांनी याच वेलस्लीने, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून, वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. पण लढाईच्या मैदानावर तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं त्याला विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असईचं घेतलं. लढलेल्या पलटणींना निशाणावर हत्ती आणि 'असाय' हे नाव मिळालं. आपल्याच भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही हत्ती आहे. तो असईवरून आलेला आहे.

असईला गेलात तर स्मारकाची पाटी शोधत बसू नका, नदी शोधा. मी गेले तेव्हा दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी होती, नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. मामा म्हणाला होता, "काही नाही तिथं, नुसती वावरं आहेत." खरंय. पण कोणत्याही रणांगणावर शेवटी वावरंच असतात. वॉटर्लूलाही शेतंच आहेत. लोक तिथं शेत बघायलाच जातात, कारण तिथं काय झालं ते त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं.

चार हात, चोवीस नावं

भोकरदनला परत येऊन अजिंठ्याच्या दिशेला निघालं की अन्वा गाव लागतं. इथं बाराव्या शतकाच्या आसपासचं दगडी मंदिर आहे. गावातले लोक मढ म्हणतात. आज आत महादेव आहे, पण मूळ मंदिर विष्णूचं असावं, कारण बाहेरच्या भिंती विष्णूचं बोलतात, आणि तेही वेगळ्या प्रकारे. भिंतींवर आहेत त्या बायका. विष्णूची शस्त्रं हातात घेतलेल्या त्याच्या शक्ती.

बघायचं कसं ते सांगते. विष्णूला चार हात आणि त्यात चार वस्तू असतात: शंख, चक्र, गदा, पद्म. कुठल्या हातात काय आहे यावरून नाव बदलतं. केशव, माधव, गोविंद, दामोदर वगैरे. चार वस्तू चार हातांत किती प्रकारे ठेवता येतील? शाळेतलं गणित आठवा, चोवीस. संध्येत म्हणतात ती चोवीस नावं या हिशेबाशी जुळतात. अन्व्याच्या शिल्पकारांनी हीच मांडणी स्त्रीरूपात कोरली. मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि एकेकीचे हात मोजत मंदिराभोवती फिरा. अर्धा तास कसा जातो कळत नाही. मी दुसऱ्या फेरीत मामाला हाक मारली, तर तो आधीच कोपऱ्यावरच्या एकीचे हात मोजत उभा होता.

अन्व्याच्या पुढे अजिंठ्याचे डोंगर. आता अजिंठ्याचं एक सांगते, जे मला लेण्यांच्या तिकिटाच्या रांगेत कोणी सांगितलं नव्हतं. असईच्या लढाईनंतर कंपनीच्या जखमी सैनिकांना अजिंठा गावात आणून ठेवलं होतं. लेणी तिथून काही मैलांवर. जखमी माणसं तिथं पडून होती आणि डोंगराच्या कुशीत ती चित्रं होती. कंपनीच्या कोणाला त्यांचा पत्ता नव्हता. त्यानंतर सोळा वर्षांनी, २८ एप्रिल १८१९ ला, शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला लेणी दिसली, आणि जगाने 'शोध लागला' म्हटलं. आसपासच्या गावांतल्या गुराख्यांना ती माहीत होतीच. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी अजिंठ्यापासून अडीच तासांवर वाढले आणि मीही कधी मामाला विचारलं नव्हतं.

न बघण्याची किंमत

तुम्ही म्हणाल, नाही बघितलं तर काय बिघडतं? एक उदाहरण देते. जालना जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, घनसावंगी तालुक्यात. १६०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा बारा वर्षांचा असताना लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, आणि पुढे देशभर पायी फिरला. आमच्या जिल्ह्याने दिलेला सगळ्यात मोठा प्रवासी तोच. त्याच्या गावच्या मंदिरातल्या जुन्या राममूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. गाव हादरलं. बातम्या आल्या, आंदोलनं झाली, पोलिसांनी पाठपुरावा करून दोनेक महिन्यांनी मूर्ती शोधून काढल्या.

मला या गोष्टीचं बरं आणि वाईट दोन्ही वाटतं. मूर्ती मिळाल्या, कारण गावाचं रोज त्यांच्याकडे लक्ष होतं. एका दिवसात कळलं की त्या जागेवर नाहीत. पण ज्यांच्याकडे रोज कोणी बघत नाही अशा किती गोष्टी आहेत? शेताच्या बांधावरचा वीरगळ, बुजलेली बारव, पांढरीतून पावसात उघडे पडणारे मणी. वीरगळ उद्या नाहीसा झाला तर त्याची बातमी होणार नाही, कारण तो तिथं होता हेच कोणी टिपून ठेवलेलं नाही. मातीची गरज पडली की पांढरी उकरतात. पांढरी माती चांगली असते, ट्रॅक्टरने नेतात. मामाच्या गावच्या पांढरीचा अर्धा भाग असाच गेला. तो हे सांगत होता तेव्हा खाली बघत होता, कारण त्यानेही दोन ट्रॉल्या नेल्या होत्या.

पर्यटक आले की सगळं वाचतं असं नाही. गर्दीने वाट लागलेली ठिकाणंही आपण बघतो. पण कोणीतरी लांबून येऊन 'हे काय आहे?' विचारतं, तेव्हा गावातल्या माणसाला उत्तर शोधावं लागतं, आणि उत्तर शोधताना ती वस्तू त्याची होते. माझं तसंच झालं. केरळच्या मुलीने विचारलं नसतं तर मी भोकरदनला बसस्टँडच्या पलीकडे कधी गेलेच नसते.

पुन्हा एकदा सोमवार

यायचं असेल तर हिवाळ्यात या. उन्हाळ्यात मराठवाड्यात फिरणं म्हणजे शिक्षा. पहाटे जालन्यातून निघा, राजूरला चहा घ्या, उन्हं चढायच्या आत भोकरदनची नदीकाठची लेणी करा, दुपारी असई, उतरत्या उन्हात अन्वा. त्या उन्हात दगडावरचे हात नीट मोजता येतात. पाणी आणि जेवण बरोबर ठेवा. गावात वाट विचारलीत तर "तिथं काही नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. त्यावर विश्वास ठेवू नका, पण सांगणाऱ्याशी बोलत राहा.

माझी केरळची मैत्रीण पुढच्या हिवाळ्यात परत आली. या वेळी आम्ही मुद्दाम सोमवार निवडला. आई म्हणाली, "माझ्या माहेरी जाताय तर जेवूनच या." आम्ही मामाकडे जेवलो, मग त्याने आम्हाला गावामागच्या केळणेवर नेलं. पलीकडच्या काठावर झाडांत दुसऱ्या गावाची घरं दिसत होती. मैत्रिणीने बघितलं, माझ्याकडे वळून म्हणाली, "समोरासमोर दोन गावं."

"मग?" मामा म्हणाला. त्याने चपला हातात घेतल्या, पायजमा वर केला आणि पाण्यात शिरला. "इथून या. आमची गुरं इथूनच जातात."